रिकामा धवला

नेरूळ, ९ जानेवारी

दिशा,

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, व्हॉट्सअ‍ॅपवर तुझ्या लेखी मी वारलोय, पण ई-मेलचं दार तू कडी न लावता ठेवलंयस. एक तर विसरलीस, नाहीतर तुझ्या पिढीचा समज असा की त्या दाराने फक्त बँका आणि मामा येतात. तक्रार नाही. लग्नाच्या भांडणानंतर माहेरच्या सगळ्यांना तू एका झटक्यात ब्लॉक केलंस, त्यात मीही गेलो. सुक्याबरोबर ओलं जळायचंच.

माझी बातमी अशी की पेपरातला माझा स्तंभ बंद झाला. त्या जागी आता खारघरच्या टॉवरची जाहिरात येते, आणि खरं सांगायचं तर तिच्यात विनोद जास्त असतो. त्यामुळे तुझा मामा सध्या अंतराळात आहे. वाशीला हेतल नावाच्या बाईंचा डबिंग स्टुडिओ आहे. तिथे एका माहितीपटाचं मराठी निवेदन मी लिहिलं. अवकाशस्थानकात राहणाऱ्या माणसांचा सिनेमा आहे. त्यांनीच तिथे तो चित्रित केलाय, फ्रिजएवढ्या कॅमेऱ्याने. दाखवायला पडदाही तसाच लागतो. खारघरच्या टेकडीखाली नवं डोम थिएटर झालंय, तिथे लागणार आहे. पडदा समोर नसतो, डोक्यावरून पाठीमागे गेलेला असतो. म्हणजे मान वळवली तरी सुटका नाही. थोडक्यात, आपल्या घरासारखं.

आता मुद्दा. तुझी आई या सिनेमात गायली आहे.

खुर्चीत बसली असशील तर तशीच बस. सिनेमात मार्ता नावाची एक अंतराळवीर आहे. उड्डाणाआधी कुणाचं पडसंखोकलं वर जाऊ नये म्हणून त्यांना काचेमागे ठेवतात. निरोपाला आई येते ती काचेच्या अलीकडे, लेक पलीकडे. बोलायचं ते माइकवरून. काचेला हात लावायचा आणि निघायचं. ते पाहताना मला ताई आठवली. इथे धवला हवा, असं मी हेतलबेनना म्हणालो. त्यांना धवला म्हणजे रंग वाटला. मग सांगितलं, आमच्या आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, गायल्याशिवाय हळद अंगाला लागत नाही, आणि पंचक्रोशीतली शेवटची चांगली धवलारीण माझी बहीण आहे, येसूबाई. जिने अर्ध्या गावाच्या पोरी गाऊन सासरी धाडल्या आणि जिच्या स्वतःच्या पोरीने बेलापूरला जाऊन सही करून लग्न उरकलं. हे शेवटचं वाक्य मी हेतलबेनना सांगितलं नाही. तुला सांगतोय.

ताई आली आणि गायली. तुझं नाव घालून गायली, दिशा. तुझं आणि प्रणयचं.

म्हणून म्हणतो, तिला फोन कर. ती विचारेल, ऐकलास का. ऐकला म्हण. तुमच्या रॉटरडॅममध्ये हा सिनेमा कधी लागेल कुणास ठाऊक, आणि लागला तरी मराठीत थोडाच लागणार, पण एवढ्या बारकाव्यात ती जाणार नाही. ऐकला म्हण, बस्स.

मामा


नेरूळ, २४ जानेवारी

दिशा,

तू फोन केलास.

हे मला ताईने सांगितलं नाही. मासळीवाल्या दुर्गाबाईंनी पापलेट कापता कापता सांगितलं, त्याआधी दूधवाल्याने, आणि त्याआधी आमच्या सोसायटीच्या वॉचमनने, जो बिहारचा आहे. ताईकडे गेलो तर तिने ओटीवर बसवून सगळा फोन पुन्हा करून दाखवला. तुझा आवाज वेगळा, तिचा वेगळा.

"मी बोलले, ऐकलास काय? तं बोलते कशी, ऐकला आये. काचंजवल ऐकला. रडायलाच आला."

काचेजवळ. ते तू माझ्या पत्रातून उचललंस. खोट्यात तपशील घालावा म्हणजे ते टिकतं, हे आपल्या घराण्यातच आहे. मला तुझा अभिमान वाटला.

दोन वर्षांनी ताईने डोक्यात अबोली माळली होती. मधेच म्हणाली, "पोरीचा आवाज बारीक झालाय, जेवत नसंल." मग चहात साखर घालायला विसरली. मी तसाच प्यालो.

फोनवर तू ताईकडे क्लिप मागितलीस. क्लिप मिळत नाही. परदेशी कंपन्यांचे नियम फार कडक असतात. सिनेमा एका सीलबंद पेटीतून येतो, तो उघडायची एक किल्ली असते, ती ठरलेल्या दिवशीच चालते. तू स्वतः न्हावा शेव्याला कस्टमच्या एजंटकडे होतीस, सीलबंद मालाचं तुला मी काय सांगू. तेव्हा क्लिपचा नाद सोड. आणि आईला विचारू नकोस की धवला नेमका कुठे सुरू होतो, कुठे संपतो. तिला सिनेमातलं काय कळणार.

एक विचारायचं होतं, सहज. धवला गायला, पण तो पुढे कुठे वाजलाच नाही, तर तो झाला म्हणायचा की नाही? एका लेखासाठी विचारतोय.

मामा


नेरूळ, ५ फेब्रुवारी

दिशा,

"तुझा स्तंभ तर बंद झाला, मग कुठला लेख?" एवढंच तुझं उत्तर. दोन वर्षांत मला आलेलं पहिलं पत्र आणि त्यात एकच प्रश्न, तोही नेमका गळवावर. तू सरकारी चौकशी समितीवर जायला हवी होतीस. नको, तिथे असं विचारत नाहीत.

धवला सिनेमात नाही.

कंपनीने कळवलं की निवेदनाची भाषा बदला, बाकी संगीताला आणि आवाजांना हात लावायचा नाही. त्यांचं बरोबर आहे. आपल्या लग्नात उद्या कुणी त्यांचा पियानो घुसवला तर आपण काय करू? तोही घुसवलाच आहे आपण, ते जाऊ दे.

तू आता विचारशील, हे कधी कळवलं. तुला टाळता येणार नाही म्हणून लिहितो. ताई गायली त्याच्या आदल्या दिवशी.

हेतलबेन म्हणाल्या, "मौशीला फोन करून सांगा ना, सॉरी बोला, एवढं काय टेन्शन." मी हो म्हणालो. फोन हातात घेतला. पलीकडून ताईच बोलायला लागली, की सकाळपासून तोंडात पाण्याशिवाय काही घेतलं नाही, उद्या गायचंय ना. मी म्हणालो, वेळेवर ये.

ती आली ती नऊवारीत, हातात नारळ, हळदीची वाटी, समई. स्टुडिओच्या पोराने सांगितलं की वात पेटवली तर धुराचा भोंगा वाजेल. मग समई न पेटवता माइकसमोर ठेवली. ताईने विचारलं, "कोनाच्या नावानं गाऊ?"

मी म्हणालो, "कोणाच्याही, ताई. टेस्टिंग आहे."

"मी रिकामा धवला गात नाय. नाव पायजे. जिचं नाव घेतला तिचं लगीन लागला."

हा तिचा स्वतःचा नियम आहे, तुलाही ठाऊक. दुसऱ्या धवलारणी शिकवायला, दाखवायला गातात. ही नाही. मग तिने एक रिकामी खुर्ची ओढली, तिच्यावर हळदीची वाटी ठेवली आणि मला म्हणाली, "तू मामा हायस ना? हुबा रा पाठीमागं." माझ्या हातात अक्षता दिल्या. काचेपलीकडे हेतलबेन माझ्याकडे बघत होत्या. त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. आणि तुझी आई डोळे मिटून तुझं नाव घेत होती. एसीच्या त्या थंड खोलीत मी रिकाम्या खुर्चीवर अक्षता टाकल्या, दिशा. नीट, नेम धरून.

मी स्वतःला नंतर सांगितलं की एका खोट्याने मायलेकी बोलायला लागतील, मग त्या आवाजाचं काय होतंय ते होवो. चांगलं कारण आहे. नंतर सुचलेलं आहे, हाच काय तो दोष. खरं असं की गावभर मी आधीच सांगून बसलो होतो, आमच्या ताईला अवकाशात नेतोय म्हणून. ज्या माणसाने आयुष्यभर नगरसेवकांच्या पोकळ घोषणांवर पोट भरलं, त्याला स्वतःची घोषणा मागे घेववली नाही.

आता पुढचं ऐक. दुर्गाबाईंनी टेम्पो ठरवलाय. ताईच्या मागे धवला झेलणाऱ्या सगळ्या बाया येणार आहेत खारघरला, धवला ऐकायला. मी म्हणालो तिकिटं संपली. दुर्गाबाईंच्या सुनेने माझ्यासमोर मोबाइलवर काढली. मी म्हणालो, बायांनो, त्या डोममध्ये चक्कर येते. त्या म्हणाल्या, होडीत बसून म्हातारपन आला, आमाला काय चक्कर.

ताईला खरं सांगायला हवं. सांगितलं तर तुझं "काचंजवल ऐकला" त्याच दमात उघडं पडतं, आणि दोन वर्षांनी सुरू झालेला फोन पुन्हा बंद. मी एकटा खोटं बोललो असतो तर निभावलं असतं. तुला भागीदार करून ठेवलं.

शो १५ तारखेला, रविवारी आहे. तोवर काही सुचलं तर लिही. मला सुचत नाही, आणि माझा धंदाच सुचण्याचा होता.

मामा


नेरूळ, १६ फेब्रुवारी

दिशा,

तुझं पत्र शनिवारी आलं. "सांगून टाक, मामा. माझं जे होईल ते होईल." मी ते तीनदा वाचलं आणि रविवारी टेम्पोत ताईच्या शेजारी बसून खारघरपर्यंत उन्हाळ्याबद्दल बोललो.

हा सिनेमा मी लॅपटॉपवर इतक्यांदा पाहिला होता की मार्ताचे दात मला पाठ होते. डोममध्ये पहिल्यांदाच. खुर्च्या मागे कलतात, दातांच्या डॉक्टरकडे असतात तशा. दुर्गाबाई कलल्या आणि म्हणाल्या, "आता काय उपटतात?" पुढच्या रांगांत एक शाळा आली होती. दिवे गेले, आणि पडद्याला कडाच राहिली नाही. आपण स्थानकात होतो. वर-खाली काही नाही. एक माणूस आमच्या डोक्याकडून उलटा तरंगत आला आणि त्याने बाजूच्याला सरळ हात मिळवला. दुर्गाबाईंनी पुढच्या बाईचा अंबाडा धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही.

लॅपटॉपवर जे मला गंमत वाटलं होतं, ते तिथे घर वाटायला लागलं. आडवी भिंत, उभी भिंत, सगळीकडे वस्तू चिकटवलेल्या, नाहीतर पळून जातात. मार्ता केस धुते तेव्हा पाणी खाली पडत नाही, डोक्यावर थरथरत बसतं आणि ती ते टॉवेलने पकडते. धावायचं तर कमरेला पट्टे बांधून, नाहीतर पहिल्याच पावलाला छताला. एकदा सामानाचं यान येतं, त्यात संत्री असतात. सगळे आधी खात नाहीत, हुंगतात. "महिना झाला असंल ताजा काय बगितला नसंल," ताई कुजबुजली. मग खिडकी येते. खाली काळा समुद्र आणि किनाऱ्याला लागून पिवळ्या दिव्यांची रेघ. बायांनी लगेच आपली खाडी ओळखली. ती आफ्रिका होती. निवेदन मीच लिहिलंय, तरी मी गप्प बसलो.

हे सगळं ताई मन लावून बघत होती, पण एक कान राखून. दर वेळी आवाज जरा कमी झाला की ती पाठ सरळ करायची. मी शेजारी होतो, मला प्रत्येक वेळी कळत होतं.

मध्यावर मार्ता झोपते. झोपायची पिशवी भिंतीला बांधलेली, हात मोकळे सोडले तर ते समोर आपोआप तरंगत राहतात, कुणाला तरी घ्यायला उचलल्यासारखे. ती डोळे मिटते आणि सिनेमा मागे जातो, निरोपाच्या दिवशी. काच येते. पडदा एवढा मोठा की तिच्या आईचा तळहात आमच्या टेम्पोएवढा. माझं वाक्य आलं, "अलीकडे आई, पलीकडे लेक." आणि त्यापुढे काहीच नाही. धवल्यासाठी मी ती जागा मोकळी ठेवली होती, दिशा. नकार आल्यावर तिथे चार वाक्यं भरायला हवी होती. मला भरवली नाहीत. मूळ निवेदन काढलं की तिथे फक्त श्वासांचा आवाज उरतो.

बाया पुढे सरकल्या. दुर्गाबाई म्हणाल्या, "आता, आता."

श्वास. पुन्हा श्वास.

ताईने माझ्याकडे पाहिलं. अंधार होता, पण त्या पडद्याच्या उजेडात तिला माझा चेहरा दिसला असणार. तिला काही विचारावं लागलं नाही. ती मागे वळली आणि बायांना म्हणाली, "इथं आपुन गायचा हाय. धरा."

आणि तिने सूर लावला.

त्या डोमखाली आवाज कुठून येतोय तेच कळत नाही, सगळीकडून येतो. पहिली ओळ तिची एकटीची, दुसऱ्या ओळीला बाया. सवयच ती, ती गायली की त्या झेलणार. शाळेची पोरं माना वळवून बघत होती. टॉर्च घेऊन एक कर्मचारी धावत आला, पायऱ्यांवर थांबला, काय करावं त्याला कळेना. मग त्याने टॉर्च बंद केली. नावाची जागा आली. ताईने घेतलं ते "मार्ता नवरी." बायांनी विचार न करता झेललं, मार्ता नवरी पाटावर बैसली. वर ती गोरी बाई काचेवर हात ठेवून उभी होती, हळद लागल्यासारखा उजेड तिच्या तोंडावर.

मग रॉकेट सुटलं. त्या आवाजात खुर्च्या हादरल्या, पोरं किंचाळली. धवला कुणालाच ऐकू येईना. पण जाळाच्या नारिंगी उजेडात मला ताईचे ओठ दिसत होते. तिने तो पुरा केला. अर्धवट सोडला नाही.

बाहेर आल्यावर बाया खुशीत. एक मास्तर विचारत होते की हे प्रत्येक खेळाला असतं का. दुर्गाबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नंदू, रोज यायचा असंल तर टेम्पोचा भाडा कोन देल ते आदी बोल." त्या सगळ्यांना वाटलं, हेच ठरलं होतं. ताईने मला त्यांच्यासमोर उघडं पडू दिलं नाही. त्यापेक्षा तिने सगळ्यांसमोर कानफटात मारली असती तर मी घरी जाऊन जेवलो असतो.

बाया बर्फाचा गोळा खायला गेल्या तेव्हा आम्ही दोघं कठड्यावर बसलो.

"तुला ठावं व्हता," ती म्हणाली.

"होतं."

"कवापासून?"

"तू गायच्या आधीपासून."

तिने पदराने मानेचा घाम पुसला. मग म्हणाली, "मंग मामाच्या जागी हुबा का राहिलास?"

याचं उत्तर मी कालपासून शोधतोय. तिथे मी उलट विचारलं, "मार्ताच्या नावाने का गायलीस?"

"दिशाचा झालाय. एका पोरीला दोनदा कोन हलद लावतो?" माझ्या बावळटपणाचं तिला नवल वाटलं. "ती बाय काचंमागं हुबी व्हती. तिच्या आयला गाता येत नव्हता."

मग मीच सगळं ओकलो. तुला "ऐकला म्हण" असं मी लिहिलं होतं, तुझा काही दोष नाही, तू तर सांगून टाक म्हणाली होतीस.

"तू सांगितलास, पन तोंड तिचा ना?" ती म्हणाली. "वरडनार हाय मी तिला."

"ताई, नको. आत्ता कुठे बोलायला लागलीय."

"बोलतंय कुठं? ती गोड बोलतंय, मी गोड बोलतंय. काचंतून बोलल्यासारका. दोन वरसां झाली पोरीला वरडले नाय." ती उठली, नऊवारीचा काष्टा नीट केला. "तिला लिव. बुधवारी फोन करनार हाय. उचल म्हनाव."

तेव्हा लिहितोय. बुधवारी फोन येईल. उचल.

मामा


नेरूळ, २० फेब्रुवारी

दिशा,

तू उचललास हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. मी ताईच्या गल्लीच्या तोंडाशी होतो, तिथवर ऐकू येत होतं. काय काय काढलं तिने. बेलापूरची सही, न कळवता पकडलेलं विमान, आयशी खोटं बोलनारी जीभ, शाळेत असताना फोडलेली कपबशी. दुर्गाबाई कोयता हातात धरून ऐकत उभ्या होत्या आणि मान डोलवत होत्या, गाणं चांगलं जमलं की डोलवतात तशी. शेवटी ताईचा आवाज खाली आला. तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही, पण नंतर ती ओटीवर येऊन जाहीर म्हणाली, "मे महिन्यात येतंय. जावयाला बोंबील चालतात काय ते इचारायचा राहिला." तेवढं तिला कळव.

मग मी घरात गेलो. आता माझी पाळी, असं धरून गेलो होतो. चपला काढल्या, मधल्या खोलीत उभा राहिलो. हवं ते बोल म्हणालो.

तिने खुर्ची पुसून दिली. पंखा लावला. चहा केला आणि तो ट्रेमध्ये आणला. मला या घरात कधी ट्रे आला नव्हता, तो माळ्यावर असतो हेही मला माहीत नव्हतं. शेजारी बशीत चार बिस्किटं, गोल मांडलेली.

"घ्या," म्हणाली.

मी दोन घेतली. सगळी संपवणं बरं दिसत नाही, पाहुण्याने.

मामा